एकतीस बयानं आणि अडून बसलेला लॅपटॉप

मंगळवारी सकाळी मी 'तलाव' हा शब्द टाइप केला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. मी वाट पाहिली. मग 'त' आला. बऱ्याच वेळाने 'ला' आला. 'व' येईपर्यंत माय चुलीपुढून उठली, अंगणात शिरलेली कोंबडी हाकलून आली आणि परत चुलीपुढे बसली.

आदल्या संध्याकाळपर्यंत हाच लॅपटॉप बरा चालत होता. जुना होता. नागपुरात शिकून नोकरीला लागलेल्या ओळखीच्या एका ताईने स्वतःचा वापरलेला दिला होता. 'क'ची कळ घासून कोरी झाली होती. तरी माझ्या बोटांच्या मागे तो कधी राहत नसे. आता मात्र बैलाने वाटेत बसकण मारावी तसा तो बसला होता.

आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत आमची हरकत तालुक्याच्या कार्यालयात पोचायला हवी होती.

आमच्या गावचा तलाव सोसायटीकडून काढून लिलावात द्यायचा, अशी नोटीस लागली होती. आम्ही ढिवर. आमच्या घरातली माणसं त्या तलावात जाळं टाकत आली, आणि गावात मच्छीमार सोसायटी झाल्यापासून तिच्या नावाने टाकत आली. लिलाव झाला की कुणी बाहेरचा ठेकेदार येणार, आपली माणसं आणणार, आणि आम्ही तलावाच्या पाळीवर, बांधावर उभं राहून आमचाच मासा विकत घेणार. हरकतीला सभासदांची बयानं जोडायची होती: तलावाशी तुमचा संबंध काय, किती वर्षांचा, तलाव गेला तर काय कराल. तीन आठवडे रोज संध्याकाळी लोक आमच्या ओसरीवर येऊन बसत, बोलत, आणि मी ते थेट लॅपटॉपवर उतरवत असे. अशी एकतीस बयानं झाली होती. वहीत एक अक्षर नव्हतं. वहीतून टाइप करताना फेरफार झाला असा आरोप कुणी करू नये, हे माझं तत्त्व. त्या वयात माझ्याकडे तत्त्वं भरपूर होती. दुसरी प्रत मात्र एकाही गोष्टीची नव्हती.

आता ती एकतीस बयानं छापायची, प्रत्येकाची सही किंवा अंगठा घ्यायचा, सोसायटीच्या सचिवाची सही आणि शिक्का घ्यायचा आणि शुक्रवारी बस पकडायची. वेळ पुरेसा होता. लॅपटॉप चालता तर.

मी तो बंद करून चालू केला. पहिली पाचेक मिनिटं तो शहाण्यासारखा वागला. फाइल उघडली, दोन ओळी सरकल्या, आणि मला वाटलं झालं. मग बाण पडद्याच्या मधोमध थिजला. मी पुन्हा बंद केला. बॅटरी काढली, ओढणीने पुसली, परत बसवली. पुन्हा पाच मिनिटं ठीक आणि पुन्हा तेच. कोणता प्रोग्राम किती ताकद खातो ते दाखवणारी खिडकी उघडली. ती उघडायलाच इतका वेळ लागला की तोवर मी मोबाइलवर 'लॅपटॉप अचानक स्लो झाल्यास काय करावे' याच्या तीन चित्रफिती पाहिल्या. तिन्हींतली माणसं हसतमुख होती. त्यांच्यापैकी कुणालाही शुक्रवार नव्हता.

त्यांनी सांगितलं ते सगळं मी केलं. गाणी उडवली, चुलतभावाच्या लग्नाचे फोटो उडवले, कॉलेजच्या दोन वर्षांच्या नोट्स उडवल्या. कचऱ्याची टोपली रिकामी केली. सुरू होताना आपोआप जागे होणारे प्रोग्राम एकेक करून झोपवले. जागा भरपूर मोकळी झाली. लॅपटॉप हलला नाही. मग व्हायरस शोधायला लावला. दुपारी तो चार टक्क्यांवर होता. मी तलावापर्यंत चालत गेले, परत आले. पाच टक्के. पुन्हा गेले. बाबा पाळीवर जाळं सांधत बसले होते. तिसऱ्यांदा मला पाहून म्हणाले, "तू काय पाहारा देऊन रायली का? तलाव नाही जात कुठं शुक्रवारपर्यंत."

संध्याकाळी बाबा घरी आले. लॅपटॉपच्या पोटाखाली हात घालून त्यांनी लगेच काढून घेतला.

"याले ताप आहे वं."

"बाबा, मशीनला ताप येत नाही."

"मंग हात लावून पाहा."

मायने लगेच ओलं फडकं पिळून आणलं. माझ्या लहानपणी कपाळावर ठेवायची तसंच. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची आजी कुडावरून डोकावली. "काय झालं? लॅपटापाले साप चावला का?"

मी पत्रकांवर वाढले. बाबा तरुणपणी सायकलवर गावोगाव पत्रकं वाटत हिंडायचे. माझ्या मामाचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हाची पत्रकं, चिखल्याच्या खाणीत काम करणाऱ्या एका दोस्ताने आणून दिलेली, विणकरांची, धानाच्या भावाची, जी हाती येतील ती त्यांनी घरी आणली. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. जे काही बिघडतं त्याला एक शत्रू असतो, त्याच्याकडे बोट दाखवता येतं आणि वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह येतं, हे मला सहाव्या वर्षीच ठाऊक झालं होतं. शत्रूशिवाय लॅपटॉप हळू होईल, हे माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं.

शत्रू मला बुधवारी पहाटेच सापडला. अंथरुणातच उठून बसले.

शनिवारी सोसायटीचे सचिव काका पेनड्राइव्ह घेऊन आले होते. चौकात त्यांचं फोटोचं आणि झेरॉक्सचं दुकान. त्यांनी सभासदांची यादी माझ्या लॅपटॉपमध्ये टाकली होती. शनिवारी पेनड्राइव्ह, मंगळवारी हे. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात बसस्टँडवरच्या टपरीवर त्यांना ठेकेदारासोबत चहा पिताना मी स्वतः पाहिलं होतं. ठेकेदाराची जीप शेजारी उभी होती आणि काका हसत होते. मला आता सगळं लख्ख दिसलं. पुरावे नाहीसे करायचे तर कागद जाळायला कशाला हवेत? एक व्हायरस पुरे.

तोंड धुऊन मी चौकात गेले. सकाळची वेळ. तलावावरून परतलेली माणसं टपरीवर, बायका टोपल्या घेऊन ऑटोची वाट पाहत, सायकल दुरुस्तीवाला हवा भरत. काका दुकानाची पाटी पुसत होते.

"काका, शनिवारी पेनड्राइव्हमध्ये काय आणलं होतं?"

"यादी. तुलेच पायजे होती ना?"

"यादीसोबत आणखी काय होतं?"

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. "गणपतीचे फोटो होते. मंडळाचे. पाहाचे आहेत का?"

टपरीवर कुणीतरी हसलं. त्या हसण्याने मी पेटले. मग मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. पण थोडं लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी म्हणाले की ठेकेदाराच्या चहाची किंमत गाव ओळखून आहे. मी म्हणाले की आपल्याच माणसांनी घात केल्याशिवाय तळं कधी विकलं जात नाही. मी म्हणाले की इतिहास अशांना माफ करत नाही. मी चौकातल्या खांबाला पाठ लावून बोलत होते आणि मला माझा आवाज आवडत होता.

हवा भरण्याचा आवाज थांबला होता. कुणी हसत नव्हतं.

काका दुकानात गेले. मला वाटलं लपायला गेले. ते सोसायटीचा शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन बाहेर आले आणि दोन्ही माझ्या हातात ठेवली.

"घे. सांभाळ तूच. मी चोर ना? मंग चोराची सही कायले लागते तुमाले?" आणि शटर ओढून घेतलं. ते पूर्ण खाली आलं नाही, अर्ध्यावर अडकलं. त्यांनी वाकून लाथ मारून खाली पाडलं.

मी शिक्का घेऊन घरी आले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. बाबा ओसरीवर बसून होते. जाळं हातात नव्हतं.

"सिद्ध झालं का त्यानं केलं म्हणून?"

"होईल."

"लिलाव झाल्यावर?"

"बाबा, तुम्हीच शिकवलं ना, गप्प बसू नये म्हणून?"

"गप नोको बसू. पन हरकतीवर सचिवाची सही लागते. त्याच्या सहीशिवाय तुयी हरकत म्हंजे पत्रक आहे पत्रक. लोक वाचतीन अन् चिवडा बांधतीन."

आता दोन गोष्टी अडल्या होत्या, आणि दुसरी मीच अडवली होती. तरी मला माफी मागायची नव्हती. मला पुरावा हवा होता. व्हायरस सापडला की काका आपोआप खोटे पडतील, गाव दुसरा सचिव नेमेल, दोन दिवसांत, एका दिवसात, कसंही. व्हायरसचा शोध संध्याकाळी पूर्ण झाला. एकही सापडला नाही. लपलाय, मी ठरवलं. हुशार आहे.

बयानं दुसरीकडे काढून ठेवायची तर पेनड्राइव्ह लागणार. गावात पेनड्राइव्ह एकट्या काकांकडे. मोबाइलवर पाठवायची तर केबल जोडली की लॅपटॉप मरून पडे. बुधवार असाच गेला. मी पाच मिनिटं काम करून पंधरा मिनिटं तो थंड होईपर्यंत थांबत होते आणि तो थंड झाला की चालतो हे डोळ्यांनी दिसत असूनही त्याचा अर्थ काढत नव्हते.

गुरुवारी सकाळच्या एसटीने लाखांदूरला, तालुक्याच्या गावी गेले. लॅपटॉप मांडीवर, त्यावर प्लॅस्टिक. दोन्ही बाजूंना धान पोटऱ्यात आलेलं. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मी प्रत्येक फाट्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. मोबाइल दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात लॅपटॉपही पाहतात, असं कॉलेजात ऐकलं होतं. दुकानदार माझ्याहून पाचसात वर्षांनी मोठा असेल. कानावर स्क्रू ड्रायव्हर, पेन्सिलीसारखा.

"दादा, यात व्हायरस घातलाय. मुद्दाम. मला तो शोधून लेखी द्या."

"लेखी?" त्याने मान वर केली. "ताई, आधी पेशंट तर पाहू द्या. पोस्टमार्टमचं नंतर पाहू."

त्याने लॅपटॉप चालू केला, कानाशी धरला. बराच वेळ ऐकलं. मग वास घेतला. पुन्हा घेतला.

"एक विचारू? रागावू नका. तुमचं हॉटेल आहे का?"

"नाही."

"मग हा लॅपटॉप सुकटासंग ठेवता का?"

मी काही बोलायच्या आत त्याने तो उलटा करून स्क्रू काढले आणि पाठ उघडली. आत एक छोटा पंखा होता, म्हणजे असायला हवा होता. दिसत होता तो काळा, चिकट गोळा. पात्यांच्या मधे काजळी इतकी जमली होती की पातं कुठलं नि फट कुठली कळत नव्हतं. शेजारच्या तांब्याच्या पट्ट्यांवर धुराचं तेलकट कीट बसलं होतं. त्याने चिमट्याने पंखा फिरवून पाहिला. हलला नाही.

"पूरा जाम! गरम झाला की ह्याचा मेंदू जळू नये म्हणून तो स्वतःच हळू चालते. समजलं? कामचोर नाही तो. जीव वाचवून राहिला. व्हायरसबियरस काही नाही. धूर आहे, ताई. साधा चुलीचा धूर."

मी त्या काळ्या गोळ्याकडे पाहत राहिले. आमच्या चुलीच्या वर बांबूची एक ताटी टांगलेली आहे. पावसाळ्यात जे ओलीपासून, किड्यांपासून वाचवायचं ते तिच्यावर जातं. सुकवलेले झिंगे, बियाण्याची गाठोडी, वापरात नसलेली जाळी. आणि बाबांची पत्रकं. धूर लागला की वाळवी जवळ येत नाही. त्या ताटीवर पत्रकं वर्षानुवर्षं राहिली, पिवळी झाली, तपकिरी झाली, पण एकालाही भोक पडलं नाही. मी सकाळी कॉलेजला जाताना लॅपटॉप नुसता मिटून ओसरीवर ठेवत असे. चालू व्हायला फार वेळ घेतो म्हणून मी तो मिटला तरी झोपणार नाही असं करून ठेवलं होतं. माय तो ओलीतून उचलून घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवत होती. मी परत येण्याआधी पुसून ओसरीवर परत. तीन आठवडे, रोज, ओल्या सरपणाच्या धुरावर, आतला पंखा फिरत असताना.

दुकानदाराने ब्रश आणि स्पिरिट घेऊन तासभर ते सगळं खरवडलं. पंख्याला तेलाचा थेंब दिला, मेंदूवर नवीन पेस्ट लावली. मधेच म्हणाला, "तुमचं लेखी द्यायचं राहिलं. काय लिहू? 'आरोपी: चूल'?"

मी हसले नाही. मला हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

लॅपटॉप चालू केला. एकतीसही फाइली जागेवर. अक्षरं बोटाच्या आधी उमटत होती. आणि मला तो वेग सहन होत नव्हता, कारण आता काकांच्या दारात न जाण्याला एकही कारण उरलं नव्हतं.

दुपारी घरी येऊन मायला विचारलं. ती धान पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"हो, म्याच ठेवत होती. तुया बाबाचे कागद तिथंच रायले ना इतके वर्स? वाळवी लागली का एकाले? मले वाटलं हेबी तसंच महत्त्वाचं काम." मग थांबून, "काहून? बिघडला का त्यानं?"

"नाही," मी म्हणाले. "थोडी धूळ होती. काढली."

खोटं बोललं की मला ठसका लागतो. तेव्हा लागला नाही.

काका दुकानातच होते. शटर अर्धं उघडं. मी शिक्का आणि पॅड काउंटरवर ठेवलं. पत्रकात 'आम्ही चुकलो' हे शब्द मी कधी वाचलेच नव्हते, त्यामुळे ते कसे सुरू करतात मला माहीत नव्हतं.

"काका, व्हायरस नव्हता. धूर होता. पंख्यात. माझी चूक झाली."

"कोनासमोर बोलली होती तू?"

"चौकात."

"मंग?"

मी वळून पाहिलं. टपरीवर बुधवारचीच माणसं होती. सायकलवाला होता. मी खांबापाशी गेले आणि म्हणाले की काल मी काकांवर घेतलेला आळ खोटा होता, लॅपटॉप आमच्या चुलीच्या धुराने बिघडला होता, पेनड्राइव्हमध्ये गणपतीच होते. माझा आवाज मला अजिबात आवडला नाही. टपरीवाला म्हणाला, "धुरानं?" आणि मग सगळा चौक हसला. ते हसणं मी उभं राहून घेतलं.

परत आले तेव्हा काकांनी प्रिंटर चालू केला होता.

"माफ नाही केलं," ते म्हणाले. "छापून देतो. तलाव तुया एकटीचा नाही."

बयानं छापून बाहेर येऊ लागली. काका एकेक उचलून वाचत होते. चौथ्या-पाचव्या कागदावर त्यांनी चष्मा काढला.

"हे एकतीस माणसं आहेत का एकच माणूस आहे?"

"म्हणजे?"

"'या तलावाच्या थेंबाथेंबावर आमच्या घामाचा हक्क आहे.' हे याच्यात आहे. याच्यातबी आहे. अन् हे पाहा, बुढीच्या बयानातबी आहे. बुढी असं बोलते? बाजूच्या गावची भाषा नाही समजत तिले, अन् तू तिले भाषन द्याले लावली."

मी कागद ओढून घेतले. वाचत गेले. 'भांडवलशाहीच्या जबड्यात'. 'आम्ही गप्प बसणार नाही'. 'पिढ्यानपिढ्यांचा हुंकार'. लोक बोलले होते ते मधे मधे होतं, पण प्रत्येक बयान माझ्याच आवाजात संपत होतं. टाइप करताना मला ते कधी जाणवलंच नाही. मला वाटत होतं मी त्यांचं म्हणणं जरा नीट मांडतेय.

"साहेबानं दोन कागद वाचले ना, तर म्हनते हे एकाच पोरीनं बनवले. झालं. तीन मिनिटांत हरकत कचऱ्यात." काकांनी चष्मा लावला. "अन् मायं बयान कुठं आहे? मी सभासद नाही का?"

त्यांचं बयान मी घेतलंच नव्हतं. चहा पाहिल्यापासून ते घ्यायचं टाळत होते.

"सांगा," मी म्हणाले. लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"लिव. ठेकेदारानं बसस्टँडवर चा पाजला. मी पेलो. त्यानं विचारलं, सोसायटी किती दिवस टिकते? मी म्हनलो, तुयी जीप टिकते त्याच्यापेक्षा जास्त."

"हे हरकतीत कसं लिहायचं?"

"जसं म्हनलो तसं."

मी लिहिलं. ते पुढे बोलले. दुकान असलं तरी अजून आठवड्यातून दोनदा पाण्यात उतरतात, पहिलं जाळं सासऱ्याने दिलं, तलाव आटला त्या वर्षी सोसायटीने मासे धरणं बंद ठेवलं होतं आणि ठेकेदार असता तर त्याने चिखलातलीही पिल्लं उपसली असती. शेवटी मी सवयीनेच एक ओळ जोडली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे मी नाही बोललो." मी ती खोडली. अक्षरं झटझट मागे गेली.

नव्याने सगळं टाइप करायला वेळ नव्हता. शुक्रवारी सकाळी आम्ही छापलेले कागद घेऊन तलावाच्या पाळीवर बसलो. जो येईल त्याला मी त्याचं बयान मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि तो म्हणेल ती ओळ पेनने खोडून बाजूला त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. काका शाईचं पॅड घेऊन माझ्या शेजारी. ते माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत.

बुढी म्हणजे गावातली सगळ्यात जुनी मासे विकणारी. तिच्या कागदावरची घामाची ओळ मी वाचली तेव्हा ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"घाम? म्या घाम म्हनलंच नाही. पान्यात कोनाले घाम येते वं?"

पाळीवर बसलेले सगळे खदखदले. काकाही. मी ओळ खोडली. "मग तू काय म्हणाली होतीस, आजी?"

"म्या म्हनलं, गाळात मरळ कुठं बसते ते मले पायानं समजते. ठेकेदाराच्या पायाले समजते का, इचारा."

हे वाक्य तिने मला तीन आठवड्यांपूर्वीही सांगितलं होतं. मी ते काढून तिथे घाम घातला होता. मी ते समासात हाताने लिहिलं. तिने अंगठा दिला आणि शाई पदराला न पुसता पाण्यात बुडवली.

असं एकेक. एकाने सगळा दुसरा परिच्छेद खोडला. एकाने एक घोषणा ठेवली. म्हणाला, "हे चांगलं आहे, राहू दे." बाबांनी आपल्या बयानातलं एकही वाक्य खोडलं नाही. कागद स्वतःच पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. मला वाटतं ती वाक्यं त्यांचीच होती, सायकलवरच्या दिवसांतली, माझ्यामार्फत परत आलेली.

शेवटी काकांनी हरकतीवर सही केली, शिक्का मारला. दीडची बस. काका आणि मी. ते पुढे बसले, मी मागे, बयानांची पिशवी पोटाशी धरून. लॅपटॉप घरीच ठेवला होता. लाखांदूरच्या आधी एका फाट्यावर बस बराच वेळ उभी राहिली, कंडक्टर कुणाशी बोलत होता, आणि मी उठून उभी राहिले, बसले, पुन्हा उठले. काकांनी मागे न वळता म्हटलं, "बस. उभं रायल्यानं बस लवकर जात नाही."

कार्यालयात साडेतीन वाजले. टेबलामागच्या माणसाने गठ्ठा उघडला, काही पानं उलटली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? एवढी खाडाखोड? स्वच्छ प्रती आणा."

पाच वाजेपर्यंत स्वच्छ प्रती शक्य नव्हत्या. माझ्या तोंडात तीन वाक्यं तयार होती, तिन्ही उद्गारचिन्हांची. मी ती गिळली. काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"साहेब," मी म्हणाले, "मी टाइप करताना माझं घातलं होतं. ते ज्याचं त्याने खोडलं. प्रत्येक खोडीशेजारी सही आहे. अंगठा आहे. पाहून घ्या."

त्याने पाहिलं. एक पान, दुसरं. तिसऱ्यावर त्याचं बोट समासापाशी थांबलं आणि त्याने ते ओठ हलवत वाचलं. मग मान वर न करता विचारलं, "ही मरळवाली बाई जिवंत आहे? सुनावणीला येईल?"

"येईल," काका म्हणाले. "तुमाले तिलेच थांबवा लागन."

त्याने शिक्का मारला आणि पोच आमच्यासमोर सरकवली. मी हात पुढे केला, पण काकांनी ती आधी उचलली, दोनदा घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवली.